ताईच्या मंगलाष्टकाचं फोल्डर

आमच्या नात्यागोत्यात कोणाचा मोबाईल अडकला, कोणाचा प्रिंटर रुसला, की लोक म्हणतात, "अमरावतीच्या मामाले फोन लावा." हा मान मी काही कष्टाने मिळवलेला नाही. फार वर्षांपूर्वी एका साळ्याचा कॉम्प्युटर सुरू होत नव्हता. मी गेलो, भिंतीवरचं बटण बंद होतं ते दाबलं, आणि तेव्हापासून मी घराण्यातला कॉम्प्युटरवाला झालो. मूळचा मी फिजिक्सचा मास्तर. शाळेतून रिटायर झालो, आता एका कोचिंग क्लासमध्ये पोरांना ध्वनी शिकवतो. बायको म्हणते, "तुमाले कॉम्प्युटरातलं काही येत नाई, फक्त चेहरा तेवढा जमते." चेहरा खरंच जमतो. कपाळाला आठ्या घालून पडद्याकडे पाहत "हं" म्हटलं की समोरचा निर्धास्त होतो.

या चेहऱ्याची खरी परीक्षा भाचीच्या लग्नात झाली.

भाची म्हणजे माझ्या अकोल्याच्या मोठ्या बहिणीची एकुलती एक मुलगी. आणि ही बहीण, आमची ताई, म्हणजे बोलण्याचा कारखाना. अकोल्यात ती गच्चीवर बोलली की खालच्या गल्लीतला भाजीवाला "काय म्हणता बाई?" असं वर पाहून विचारायचा. भाऊजी शांत माणूस. लग्नानंतर ते अधिकच शांत झाले. ताईची दुसरी ख्याती मंगलाष्टकांची. आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नात शेवटचं मंगलाष्टक ताईचं, तेही स्वतः रचलेलं. गुरुजी बिचारे आपणहून माईक पुढे करायचे. इतरांच्या मंगलाष्टकात गंगा-यमुना, राम-सीता असत. ताईच्यात नवरीच्या खोड्या असत. माझ्या लग्नात तिने मी आंघोळीला किती आळशी आहे ते शार्दूलविक्रीडितात बसवून अख्ख्या मांडवाला ऐकवलं होतं. बायको त्या दिवशी अंतरपाटामागे फिसकन हसली, आणि अजूनही अधूनमधून त्या ओळी म्हणते.

मग ताईचा आवाज बसला. आधी सर्दी म्हणून काढे झाले, मग नागपूरचे डॉक्टर झाले. स्वरयंत्र काढावं लागेल, असं ठरलं. जीव वाचेल, आवाज जाईल. नागपूरला निघायच्या आदल्या सकाळी ताईने मला अकोल्याला बोलावून घेतलं. मला वाटलं रडारड असेल. ती पदर खोचून उभी होती. म्हणाली, "पोरीचं लगन कवा होईन कोन जाने. तिचं मंगलाष्टक मी रचून ठेवलं हाये. तू मोबाईलमंदी भरून ठेव. आन धर बराबर, निरा माहं नाक नको दाखवू."

आवाज घोगरा झाला होता, पण दणका तोच. आधी तिने मला उभं कुठे राहायचं ते सांगितलं, मग पंखा बंद करायला लावला, मग डोळे मिटून गायला लागली. पहिल्याच ओळीला माझ्या डोळ्यांतून धारा. फिजिक्सच्या मास्तराने मोबाईल धरून रडावं हे शोभत नाही म्हणून मीही डोळे मिटून घेतले. गाणं संपलं तेव्हा पाहिलं तर मोबाईलचा पडदा काळा. वाटलं, पडदा आपोआप बंद होतोच की. ताईने विचारलं, "झालं ना रे बराबर?"

"फस्ट क्लास झालं," मी म्हटलं. तिच्या आवाजात तिने मला विचारलेला तो शेवटचा प्रश्न.

ऑपरेशन झालं, ताई घरी आली. आता ती खुणा करते आणि मोबाईलवर टाईप करते, तेही वऱ्हाडीत आणि तितक्याच शिव्यांसकट. मंगलाष्टक भरलेला माझा मोबाईल बदलताना मी त्यातलं सगळंच्या सगळं घरच्या कॉम्प्युटरमध्ये 'महत्त्वाचं' नावाच्या फोल्डरमध्ये ओतून टाकलं होतं. ते मंगलाष्टक उघडून पाहायची मात्र कोणाची छाती झाली नाही. माझी तर नाहीच.

वैशाखातली तारीख ठरली आणि ताईचा मेसेज आला: "मंगलाष्टक काढून ठेवजो. मी लग्नातच आयकीन, आंधी नाई." पाठोपाठ भाचीचा फोन. "मामा, बाकी काही नसलं तरी चालते. जेवणात मठ्ठा नसला तरी चालते. आईचं मंगलाष्टक लागलंच पाहिजे. नाई तर मी अंतरपाटापाशी उभीच नाई राहत, सांगून ठेवते." मी आपला नेहमीचा चेहरा केला. फोनवर चेहरा दिसत नाही हे नंतर लक्षात आलं.

कॉम्प्युटर लावला. 'महत्त्वाचं' उघडलं. वरच्या पट्टीत एक हिरवी रेघ हळूहळू सरकायला लागली, अर्ध्याच्या थोडी पुढे गेली आणि तिथेच बसली. माऊसचा बाण गोल गोल फिरायला लागला. मग सगळी खिडकी पांढरी पडली, वर अक्षरं आली: नॉट रिस्पॉन्डिंग. मी बंद केलं, पुन्हा उघडलं. पुन्हा तेच. दुसरी फोल्डरं झटक्यात उघडत होती. हे एकच फोल्डर असं, की त्याला हात लावला की कॉम्प्युटर मौनव्रतात.

आता अमरावतीत वैशाखात काही अडकलं, की आमचं निदान एकच असतं: ऊन. गाडी बंद पडली, ऊन. पाहुणा चिडचिड करतो, ऊन. बाहेर पंचेचाळीसच्या घरात पारा, इथे माणूस हँग होतो, तो तर पत्र्याचा डबा. मी बैठकीतला कूलर ओढत आणला आणि त्याचं तोंड कॉम्प्युटरकडे केलं. टाकीत पाणी भरलं, नवीन वाळा लावला. दुपारभर कॉम्प्युटरने वाळ्याची गार हवा खाल्ली आणि घरची माणसं घामाघूम बसली. बायको पंख्याखाली पदराने वारा घेत म्हणाली, "त्याले आंब्याचं पन्हंही देता का?" संध्याकाळपर्यंत कीबोर्ड दमट होऊन त्याची काही बटणं चिकटली. फोल्डर उघडलं नाही ते नाहीच.

मग मी व्हायरसवर घसरलो. जेवढे व्हायरस मारणारे प्रोग्राम फुकट मिळाले तेवढे भरले. ते आपसातच भांडायला लागले. मग कुठेतरी वाचून विंडोज नव्याने टाकलं. त्यात माझ्या क्लासच्या नोट्स उडाल्या, आणि 'महत्त्वाचं' मात्र दुसऱ्या कप्प्यात असल्यामुळे जसंच्या तसं राहिलं, तितकंच अडेलतट्टू. भाची रोज विचारायची, "मामा, सापडलं?" मी म्हणायचो, "हाव, काम चालू हाये." ताईला काय तोंड दाखवणार?

आता यावर एक सरळ उपाय होता. होणारा जावई पुण्यात कॉम्प्युटरच्याच नोकरीत आहे. त्याला फोन केला असता तर काम झालं असतं. पण आमच्याकडे लग्नाआधी जावयाला काम सांगणं म्हणजे नाक कापून हातात देणं. त्यात मी नवरीचा मामा. नवरीला मांडवात घेऊन येणार मी, तिच्या पाठीशी उभा राहणार मी, आणि तोच मामा म्हणतो, जावईबापू, माझं फोल्डर उघडत नाही? अरे हट्!

तरी फोन केलाच. पण इज्जत सांभाळून. म्हटलं, "आमच्या एका दोस्ताचा कॉम्प्युटर आहे. बिचारा फार साधा माणूस. त्याच्या एका फोल्डरात व्हिडिओ आहेत आणि ते उघडलं की सगळं गोठतं."

"मामा," तो फार नम्रपणे म्हणाला, "तुमच्या मित्रांना सांगा, त्यात एखादी व्हिडिओ फाईल खराब असेल. फोल्डर उघडताना कॉम्प्युटर प्रत्येक व्हिडिओत डोकावून त्याचं छोटं चित्र बनवतो. खराब फाईलपाशी तो अडकून बसतो. ती छोटी चित्रं दाखवणं बंद करायला सांगा, मग फोल्डर उघडेल. त्यानंतर अर्ध्या अर्ध्या फाईली वेगळ्या करून खराब कोणती ते शोधता येईल."

मला लगेच समजलं. आमची एक आत्या होती, ती कोणाच्याही घरी गेली की आधी स्वयंपाकघरात शिरून एकेका डब्याचं झाकण उघडून पाहायची. एखादं झाकण घट्ट बसलेलं असलं की तिथेच झोंबत बसायची. बाहेर पाहुणे ताटावर खोळंबलेले. कॉम्प्युटरच्या पोटात आमची आत्याच शिरली होती तर!

"सांगतो दोस्ताला," मी म्हटलं.

"आणि काही लागलं तर मित्रांना सांगा, थेट मला फोन करा," तो म्हणाला. पोरगं मोठं समजदार. मला लाज वाटली, पण उघड नाही.

सेटिंगमध्ये जाऊन छोटी चित्रं बंद केली. फोल्डर उघडलं, एका झटक्यात! आत पाहतो तर काय, फाईलींची नुसती रांग, सगळ्यांची नावं आकड्यांची. त्यात शुभ सकाळच्या गुलाबांचे व्हिडिओ, दत्तजयंतीचे, संकष्टीचे, कोणाच्या तरी वाढदिवसाच्या केकचे. घराण्यातल्या साऱ्यांनी मला पाठवलेलं सारं मी 'महत्त्वाचं' म्हणून जपून ठेवलं होतं. असला बैताड माणूस शोधून सापडणार नाही.

मग अर्धे अर्धे करत गेलो. अर्ध्या फाईली नव्या फोल्डरात टाकायच्या, छोटी चित्रं सुरू करायची, गोठलं तर चोर यांच्यातच. त्यातल्या पुन्हा अर्ध्या. मला या खेळाचा चांगलाच जोर चढला. इतके दिवस जिने मला छळलं, माझ्या नोट्स उडवल्या, बायकोला घामात बसवलं, ती फाईल सापडू दे, तिला मी उलसाही वेळ न देता कायमची उडवणार, असं मी बायकोला मोठ्याने सांगून ठेवलं होतं. ताईचा व्हिडिओ बाकीच्या चांगल्या फाईलींत असणारच, मग काय! ती चोट्टी गेली की आरामात शोधू.

शेवटी एकच फाईल उरली. फोल्डर उघडलं, गोठलं. "सापडली रे!" मी ओरडलो. चित्रं बंद केली, त्या फाईलीवर बाण नेला आणि कायमचं पुसायची दोन बटणं दाबली. कॉम्प्युटरने विचारलं, खरंच काढून टाकायची का? आणि खाली त्या फाईलीची तारीख दाखवली.

ती तारीख मी विसरणं शक्य नव्हतं. नागपूरला जायच्या आदला दिवस.

माझा हात माऊसवरून असा उचलला गेला की माऊस टेबलाखाली लोंबकळायला लागला. 'नाही'वर जायला मला जमेचना. बायको धावत आली, तिने माऊस वर घेतला, 'नाही' दाबलं आणि मला पाणी दिलं.

मी तसाच जावयाला फोन लावला. "बापू, दोस्त वगैरे कोणी नाही. मीच तो. आणि खराब फाईल तीच आहे, ताईचं मंगलाष्टक." माझा आवाज फाटला. तो म्हणाला, "मामा, रडू नका. रेकॉर्डिंग चालू असताना फोन बंद पडला असेल, बॅटरी संपून. फाईल कुठून सुरू होते, कुठे काय आहे, याची माहिती फोन सगळ्यात शेवटी लिहितो. ती लिहायची राहून गेली. आतला माल जागेवर असणार. त्याच फोनवरचा एखादा चांगला व्हिडिओ पाठवा. त्याचा नमुना पाहून हिची मोडतोड नीट करणारा प्रोग्राम आहे."

बॅटरी! तेव्हा मला आठवलं. त्या दिवशी अमरावतीहून एसटीत बसल्यापासून मूर्तिजापूर येईपर्यंत मी मोबाईलवर माझाच एक व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहत होतो. एका शेतात रोडग्याचा कार्यक्रम होता, गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी, आणि त्यात मी तुपात बोटं बुडवून, मिशीला तूप लावून, रोडगा कसा फोडावा यावर भाषण ठोकत होतो. बॅटरी त्या भाषणाने खाल्ली होती. आणि त्या फोनवरचा स्वच्छ, लांबलचक, चांगला व्हिडिओही तेवढाच निघाला. तोच पुण्याला गेला. होणाऱ्या जावयाने मामासासऱ्याचं पहिलं दर्शन ते असं घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्याने दुरुस्त झालेली फाईल पाठवली. "चित्र गेलंय मामा, नुसते हिरवे चौकोन दिसतात. पण आवाज स्वच्छ आहे. मी सुरुवातीचा एक शब्द ऐकून लगेच बंद केलं. पुढचं माझ्या आधी तुम्ही ऐका."

मी दार लावून घेतलं. हिरवे चौकोन थरथरले आणि खोलीत ताई बोलली, "हात कावून हालवून राह्यला बे? पंखा बंद कर आंधी." मी खरंच उठलो आणि पंखा बंद केला. मग गाणं सुरू झालं. दोन ओळी ऐकल्या आणि पुढचं काही ऐकवेना. मी बंद केलं, डोळे पुसले, आणि साऱ्यांना कळवून टाकलं: फस्ट क्लास!

त्यानंतर माझी हुशारी पाहा. ती फाईल मी पेन ड्राईव्हवर घेतली, दुसऱ्या पेन ड्राईव्हवर घेतली, बायकोच्या मोबाईलमध्ये, माझ्या मोबाईलमध्ये, क्लासच्या कॉम्प्युटरमध्ये ठेवली. पंख्याची खडाखडी कापून नुसतं गाणं वेगळं काढलं. इतकं सगळं केलं, पण शेवटपर्यंत ऐकून पाहिलं नाही. लग्नातच साऱ्यांसोबत ऐकू, असं मनाशी ठरवलं. मोठा आला भावनेचा!

अकोल्याच्या मंगल कार्यालयात त्या दिवशी पंखे नुसती गरम हवा ढवळत होते. क्लासमधून मागून आणलेला लॅपटॉप मी माईकवाल्याच्या हवाली केला, कारण मला नवरीच्या पाठीशी उभं राहायचं होतं. गुरुजींची मंगलाष्टकं झाली. मग त्यांनी खूण केली आणि माईकवाल्याने बटण दाबलं.

*माझी लाडकि लेक चालत निघे, सोडून दारा घरा…*

लोक मुठीत अक्षता धरून तसेच उभे. आमच्यातल्या पोरासोरांनीही वळवळ थांबवली. ताई समोर उभी होती, मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती; कोणा परक्या बाईचं गाणं चालू असावं, तशी.

*पोळी वाकडि ही करे, पण तिची माया असे साजरी…*

बायका रडता रडता हसल्या. माझ्यासमोर भाचीचे खांदे हलत होते. हसते की रडते, पाठीमागून समजेना. मग शेवटची ओळ सुरू झाली.

*सांभाळा तिजला…*

आणि आवाज थांबला.

मला वाटलं, हँग झालं. मी माईकवाल्याकडे पाहिलं. त्याने दोन्ही हात वर केले. फाईलच संपली होती. फोन तिथेच मेला होता तर! ताई पुढे गातच होती आणि मी डोळे मिटून मेलेला मोबाईल धरून रडत होतो. पळत जाऊन लॅपटॉपला लाथ घालावी वाटली, पण नवरीचा मामा जागा सोडू शकत नाही. गुरुजी माझ्याकडे पाहतात, मी गुरुजींकडे. अक्षता मुठीत भिजायला लागल्या. अपशकुन, असं कोणीतरी पुटपुटलं. ताईने मान वर केली. तिचे डोळे पाहून वाटलं, देवा, धरणी फाटली तर बरं.

"…तुम्हीहि हसुनी…"

आधी कोण गातंय ते मला कळलंच नाही. इतक्या जवळून आवाज आला. मग लक्षात आलं, भाची. मान खाली, हातात वरमाला, आणि अंतरपाटाच्या अलीकडून नवरी स्वतःच गात होती. नवरीने आपल्याच लग्नात मंगलाष्टक म्हटलेलं आमच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. ती कधी गाणारी नव्हेच. ताई तिला बेडकी म्हणायची. पण ती ओळ ताई ऑपरेशनआधीच्या दिवसांत स्वयंपाकघरात घोकत राहायची, आणि हिच्या कानात ती बसली होती. चाल ताईची, हेल ताईचा, वर जाताना थोडा घासून जाणारा तो घोगरा सूरही ताईचाच. गुरुजींनी हळूच माईक तिच्या तोंडाशी धरला.

"…कुर्यात् सदा मंगलम्. शुभमंगल सावधान!"

अक्षतांचा नुसता पाऊस झाला. ताई अक्षता टाकायचं विसरली. ती पोरीकडे पाहत उभी होती, तोंडावर हात दाबून. मी तर सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडलो, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

जेवणाच्या पंगतीत लोक माझ्या पाठीवर थापा मारत होते. "मामा, मानलं बाप्पा! काय टायमिंग! आईची ओळ मुद्दाम अर्ध्यात थांबवली, आन पोरीले पुढे गायले लावलं. हे तुमालेच सुचू शकते!"

मी मिशीवर हात फिरवला आणि चेहरा केला. "मंग! प्लॅनिंग होतं पुरं."

ताई जिलेबी वाढत वाढत माझ्या पानापाशी आली होती. तिने थांबून माझ्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलले: "खोटारडा." आवाज काही आला नाही, पण मला अगदी स्पष्ट ऐकू आलं.